वाघ, शेळी आणि खजिनदार

एक शेतकरी गेली बाराशे वर्षं नदीकाठी उभा आहे. बरोबर वाघ, शेळी आणि गवताचा भारा. होडी एवढीशी, तो आणि त्यातलं कोणतंही एक एवढंच मावेल अशी. वाघ-शेळी मागे सोडले तर शेळी गेली. शेळी-गवत सोडलं तर गवत गेलं. इतक्या वर्षांत त्या नदीवर ना पूल झाला, ना मोठ्या होडीसाठी बिचाऱ्याला कुणी कर्ज दिलं. शार्लमेन राजाच्या पदरी यॉर्कचा अल्क्विन नावाचा एक विद्वान होता. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात हा गृहस्थ भेटतो. तेव्हा त्याच्याकडे लांडगा, शेळी आणि कोबी होता. आपल्याकडे येता येता लांडग्याचा वाघ झाला, कोबीचं गवत झालं. शेळी तेवढी आहे तशी राहिली. त्या संग्रहाच्या नावाचा अर्थ होतो 'तरुणांची बुद्धी तल्लख करणारी कोडी'. म्हणजे क्लासच्या जाहिरातीचा मजकूरसुद्धा बाराशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत शनिवारची सकाळची शाळा सुटली की तासभर कोडी आणि गणिताचे खेळ चालतात. दुसरी ते पाचवीची डझनभर मुलं, शाळेच्या एक बाई आणि 'तुम्हाला काय, वेळच वेळ आहे' या एकमेव पात्रतेवर नेमला गेलेला मी. मुलांचा मी काका. हा नदीकाठचा शेतकरी फळ्यावर उभा केला की मुलांनी निमूटपणे कागद-पेन्सिल घ्यावी, अशी बाईंची अपेक्षा असते. मुलं पेन्सिलीला हात लावत नाहीत. आधी चौकशी होते.

"वाघ शेतकऱ्याला का खात नाही?"

हा पहिलाच प्रश्न. अल्क्विनने याचा विचार केलेला नाही.

"पाळलेला असेल."

"मग पाळलेला वाघ शेळीला पण नाही खाणार."

"वाघ पाळायला परवानगी कुणी दिली?" हा प्रश्न जिचे बाबा वनखात्यात आहेत त्या मुलीचा.

"आणि गवत कशाला न्यायचं? नदीच्या पलीकडे पण गवत असणारच की!"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. शेवटी दुसरीतला एक चिमुरडा, जो इतका वेळ चपलेचा पट्टा चघळत होता, तोंडातून पट्टा काढून म्हणाला, "वाघ गवत खात नाही. गवत कुणालाच खात नाही. सगळी भांडणं शेळीमुळे होतायत. शेळी विकून टाका."

हसून सोडून देऊ नका. कोड्याची किल्ली हीच आहे. दोन्ही भांडणांत शेळी आहे, म्हणून तिलाच आधी न्यायचं, मधे परत आणायचं आणि शेवटी पुन्हा न्यायचं. सात फेऱ्यांत वाघ आणि गवत एकेकदाच होडीत बसतात, शेळी तीनदा. विक्रीचा मुद्दा वगळला तर पोराचं निदान पक्कं होतं.

या उद्योगाला नाव हवं म्हणून बाईंनी फळ्यावर 'गणित मित्र मंडळ' असं लिहिलं आणि प्रकरण तिथून हाताबाहेर गेलं. महाराष्ट्रात मंडळ हा शब्द जपून वापरावा. तो वाचताच मुलांनी विचारलं, अध्यक्ष कोण? वर्गणी किती? एकाला विसर्जन कधी आहे ते हवं होतं.

निवडणूक घेतली. बारा मुलांनी बारा मतं दिली, प्रत्येकाने स्वतःला. फेरमतदानातही एकही मत फुटलं नाही; अशी निष्ठा हल्ली पाहायला मिळत नाही. मग बाईंनी अनुभवी माणसाचा तोडगा काढला: पदं वाढवा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सहखजिनदार, हिशेब तपासनीस, प्रसिद्धीप्रमुख, मार्गदर्शक आणि शेळीवाला चिमुरडा सल्लागार. साधा सदस्य एकही उरला नाही. वर्गणी म्हणून प्रत्येकाने बाटल्यांची बुचं आणायची ठरली. ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात खजिनदाराच्या ताब्यात असतात. डबा उघडायला अध्यक्षांनाही परवानगी लागते.

नवी कार्यकारिणी जाहीर झाली म्हणजे अभिनंदन आलंच. प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा, तर एकूण हस्तांदोलनं किती? उत्साही मंडळी एकदम १४४ वर गेली. बारा बारे चव्वेचाळीसाशे! मग कुणीतरी म्हणालं, स्वतःशी कोण हात मिळवतं? १३२. मग सचिव, चौथीतली मुलगी, आपला आणि शेजारणीचा हात धरून बघत राहिली. "मी हिच्याशी मिळवला तेव्हाच हिचा माझ्याशी मिळाला ना? मग तो परत कशाला मोजायचा?" १३२ चे निम्मे ६६. मी शाब्बास म्हणणार एवढ्यात हिशेब तपासनीस उभा राहिला.

"पासष्ट. त्या दोघींची कट्टी आहे."

चौकशी झाली. कट्टी गुरुवारपासूनची आणि पक्की निघाली. वहीत ६५ लिहिलं गेलं. पुढे बट्टी झाल्यावर हिशेब तपासनिसाने वही मागून घेतली, ६५ खोडून ६६ केलं आणि शेजारी तारीख घालून सही ठोकली. पुस्तकात छापायचं उत्तर ६६ च आहे. पण त्या गुरुवारच्या कट्टीची दखल घेणारा हिशेब मला जास्त गणिती वाटतो. अट बदलली तर उत्तर बदलतं, हे ज्याला दहाव्या वर्षी कळलं त्याला पुढे फार शिकवावं लागत नाही.

मोठ्या माणसांना हे मानवत नाही. त्यांना उत्तर हवं असतं, आणि ते आपलंच असावं लागतं. कोणताही फॅमिली ग्रुप उघडून बघा. सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या खाली एक कोडं पडलेलं असतं, डोक्यावर '९९ टक्के लोक इथे चुकतात' अशी पाटी. सफरचंद अधिक सफरचंद, केळी अधिक नारळ. वरच्या ओळीत चार केळ्यांचा घड आणि शेवटच्या ओळीत गुपचूप तीन केळ्यांचा. हे कोडं नव्हे, हे मापात केलेलं पाप आहे. दुसरा प्रकार आठ भागिले दोन, लगेच कंसात दोन अधिक दोन. आमच्याकडे यावर एका काकांनी सोळा म्हटलं, आत्याच्या यजमानांनी एक. दोघेही निवृत्त. काकांनी 'कंचेभागुबेव' असं ठणकावून लिहिलं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यजमानांनी उत्तरादाखल आपल्या मॅट्रिकच्या गुणपत्रिकेचा फोटो टाकला. दोष खरं तर लिहिणाऱ्याचा. आणखी एक कंस घातला की वाद मिटतो. म्हणूनच तो कुणी घालत नाही.

हेच लोक मुलांना न्यायला शाळेच्या फाटकाशी येतात तेव्हा फार व्यवहारी असतात. "यातून स्कॉलरशिपला फायदा होईल ना?" त्यांच्या समाधानासाठी मधूनमधून बुद्धिमत्ता चाचणीतलं काहीतरी घ्यावं लागतं. रमेश रांगेत डावीकडून सातवा आणि उजवीकडून अकरावा आहे, तर रांगेत मुलं किती? मंडळाने हा प्रश्न खिचडीच्या रांगेत तपासला. सातवा म्हणून उभा केलेला रमेश पातेल्यावरचं झाकण निघताच तिसरा झाला, आणि उजवीकडचे दोघे रांग सोडून पळीजवळ गेले. तरी सातात अकरा मिळवून एक का काढायचा, हे त्या गर्दीत जितकं स्वच्छ कळलं तितकं मार्गदर्शिकेतून कळत नाही: रमेशला दोन्ही बाजूंनी मोजलं, म्हणून तो दोनदा आला. दोनदा मोजलं तर त्याला खिचडीही दोनदा मिळावी, असा ठराव सल्लागाराने मांडला. तो एकमताने मंजूर झाला, कारण पुढच्या वेळी रमेश व्हायला सगळेच तयार होते.

नात्यांच्या कोड्यांत तर मोठ्यांचे हात टेकतात. फोटोकडे बोट दाखवून सीमा म्हणते, "हा माझ्या मामीच्या सासऱ्यांच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा." तर तो सीमाचा कोण? मुलं बोटं मोजत होती, एक पालक कागदावर वंशवृक्ष काढत होते. दारात नातवाची वाट बघत बसलेल्या एका आजींनी हातातली वात वळणं न थांबवता सांगितलं, "भाऊ की! सख्खा." आणि मग वात खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "पण सख्ख्या भावाला सरळ भाऊ म्हणायला हिला काय झालं? जमिनीचं काही आहे का त्यांच्यात?"

त्यानंतरचा अर्धा तास सीमाच्या माहेरच्या वाटण्यांत गेला.

एक कोडं मात्र असं आहे की ज्यावर कुणीही बोलत नाही, फक्त कागद फाटतात. पेन न उचलता आणि रेघ न गिरवता पाकीट काढायचं. आयत आणि त्याचे दोन कर्ण, झालं बंद पाकीट. कार्याध्यक्षाने वहीची चार पानं खर्ची घातली, मग कागदाचा कोपरा दुमडून पेन मागच्या बाजूने फिरवून आणलं आणि 'उचललं कुठे?' म्हणून दाखवलं. वकिली बिनतोड होती. पाकीट मात्र होत नाही ते नाहीच. आता त्याच पाकिटाचं झाकण उघडं काढा, म्हणजे वर एक त्रिकोण चढवा. एका दमात होतं! फक्त सुरुवात खालच्या कोपऱ्यातून करायची आणि शेवट खालच्याच दुसऱ्या कोपऱ्यात. बंद पाकिटाच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा येतात. मधल्या वाटेवरच्या कोपऱ्यात जेवढ्या वेळा आत याल तेवढ्या वेळा बाहेर पडायला लागतं, तिथे रेघांची जोडी जमली पाहिजे. विषम रेघांचे कोपरे फार तर दोन चालतात, एक निघायचा आणि एक पोचायचा. गणितज्ञ ऑयलरने १७३६ साली क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्याबद्दल हेच सांगितलं. आमच्याकडे ते एका उपाध्यक्षाने सांगितलं, "काका, झाकण लावलं की रेघा अडकतात." मला वाटतं ऑयलरला हे वाक्य आवडलं असतं.

आता खजिनदार. तिसरीत आहे, दोन वेण्या, समोरचा एक दात नाही. तिच्या डब्यातली एकवीस बुचं फरशीवर ओळीने मांडायची. दोघांनी आळीपाळीने उचलायची, एका वेळी एक, दोन किंवा तीन. शेवटचं बूच ज्याच्या हाती तो जिंकला. खेळ एवढाच. बाकीची मुलं हा नशिबाचा खेळ समजून हातावर फुंकर मारून खेळत होती. ही घरी जाऊन उजव्या हाताने डाव्या हाताशी खेळली. डावा हात सारखा का हरतो, याचा तिने शोध लावला: समोरच्यापुढे चार बुचं उरली की तो संपला. त्याने एक उचललं तर आपण तीन, दोन तर दोन, तीन तर एक. चार उरवायची तर त्याआधी आठ उरवली पाहिजेत, त्याआधी बारा. म्हणजे एकवीस असली की पहिल्यांदा एकच उचलायचं आणि मग शांत बसायचं.

त्यानंतर तिच्या वागण्यात एक फरक पडला, तो माझ्या जरा उशिराच लक्षात आला. मांडलेली बुचं एकवीस असली की ती म्हणते, "मी आधी, मी लहान आहे." वीस असली की म्हणते, "तुम्ही आधी, तुम्ही मोठे आहात." तिच्या घरी संस्कार फार चांगले आहेत असं बाई सांगत होत्या. ते चाराच्या पाढ्यावर चालतात, एवढंच.

अध्यक्ष हरले. शाळेचे शिपाईमामा हरले आणि तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भेटीला आलेल्या केंद्रप्रमुख साहेबांसाठी तिने स्वतः सतरंजी झटकली. "साहेब, तुम्ही पाहुणे, तुम्ही आधी." बुचं वीस होती. साहेब लागोपाठ हरले, मग त्यांना पुढच्या शाळेची आठवण झाली आणि शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य आहे' असं लिहून ते निघाले. या जातीच्या खेळांना निम म्हणतात आणि त्यांचं संपूर्ण गणित हार्वर्डच्या चार्ल्स बूटन यांनी १९०१ साली मांडलं. ते त्यांनी छापून सगळ्यांना फुकट वाटलं. आमची खजिनदार एवढी भोळी नाही. गुपिताला पाच बुचं असा भाव तिने लावला. दोन गिऱ्हाइकं मिळाली. तिसऱ्याच्या लक्षात आलं की गुपित माहीत असलेले दोघे समोरासमोर बसले तर खेळ कुणी सुरू करायचा यावरच सगळा निकाल लागतो, आणि ते भांडण तर फुकटही करता येतं. बाजार कोसळला.

कोड्यातल्या माणसांच्या व्यवहाराबद्दल मुलांच्या मनात गाढ शंका असते, आणि ती रास्त असते. जुनं कोडं आहे: एक बाई फुलं घेऊन निघाली. वाटेत तीन देवळं, प्रत्येक देवळासमोर तळं. तळ्यात फुलं बुडवली की दुप्पट होतात. तिने प्रत्येक देवळात सारखीच फुलं वाहिली आणि शेवटी हात रिकामे. तर निघताना फुलं किती होती, वाहिली किती? हे कोडं पुढून सोडवायला गेलात तर घाम फुटतो. मागून आलात तर चिंचोक्यांनी सुटतं. सहसचिवाने तसंच केलं. शेवटच्या देवळात दोन वाहिली समजा. म्हणजे तळ्याआधी एक. त्याआधीच्या देवळात दोन वाहिलेली, म्हणजे तीन, तळ्याआधी दीड. "अर्धं फूल देवाला चालत नाही." मग चार धरून पाहिली, तर पहिल्या तळ्याशी साडेतीन आली. आठ धरली आणि चिंचोके बिनतक्रार मागे गेले: आठ, चार, बारा, सहा, चौदा, सात. सात फुलं घेऊन निघाली, आठ-आठ वाहिली. असं उलट्या पावली येण्याला भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त व्यस्तविधी म्हटलं आहे: गुणलं असेल तिथे भागा, मिळवलं असेल तिथे वजा करा. सहसचिवाला हे सांगितल्यावर तिने ते मान्य केलं.

प्रसिद्धीप्रमुखाला मात्र उत्तराशी कर्तव्य नव्हतं. तिच्या आईचं बाजारात फुलांचं दुकान आहे. "ती बाई फुलं एकदाच का बुडवते? परत-परत बुडवायची की!" आम्ही बुडवून पाहिली. सात फुलं एकाच तळ्यात दहा वेळा बुडवली तर ७,१६८. "दसऱ्याला झेंडू केवढ्याला जातो माहितीये?" एवढं बोलून तिने हिशेब सुरू केला. भास्कराचार्यांच्या भुंग्यांचीही अशीच वासलात लागली. थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक बिचारा हवेत घिरट्या घालतोय. उत्तर पंधरा भुंगे. मुलांना त्या एका भुंग्याची काळजी लागली. तीन, पाच, सहा अशी वाटणी करून झाल्यावर त्याला सहाच्या फुलावर का घेतलं नाही, तिथे कट्टी होती का, याची चौकशी अजून बंद झालेली नाही.

पण मंडळाचे खरे आराध्यदैवत म्हणजे द. रा. कापरेकर. डहाणूला १९०५ साली जन्मलेला, देवळालीच्या शाळेत शिकवत आयुष्य काढलेला हा माणूस आमच्या मुलांना आपलाच वाटतो, कारण तो शाळामास्तर होता आणि आकड्यांशी खेळत बसायचा. फक्त १ हाच आकडा असलेल्या संख्यांचे वर्ग, १२१, १२३२१ वगैरे, त्यांना त्यांनी 'डेमलो' हे नाव दिलं ते एका रेल्वे स्टेशनवरून, आजचं डोंबिवली. हल्ली त्या स्टेशनवर उभं राहून संख्या सुचणं कठीण आहे, उभं राहायला जागा सुचली तरी पुष्कळ. त्यांचा ६१७४ जगभर गेला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे एकच नसावेत. आकडे मोठ्यापासून लहान असे मांडा, त्यातून लहानापासून मोठे अशी मांडणी वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे सांगितलं. मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात १९७५ साली त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना ते आपले आहेत हे कळलं. हेही नेहमीचंच.

महाराष्ट्राच्या स्थापनेचं साल घ्या, १९६०. ९६१० वजा ०१६९, आले ९४४१. मग ७९९२, मग ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि बरोबर सातव्या पायरीला ६१७४. वजाबाकीची गणितं घाला म्हटलं तर ज्यांना पोटात दुखतं, ती मुलं या नादाने शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून गाड्यांच्या नंबरप्लेटी उतरवून घेतात आणि वजाबाक्यांनी पानंच्या पानं भरतात. मधे हातच्याला चूक झाली तरी पुढे सहसा ६१७४ येतोच, म्हणून पायऱ्या तपासायला बाई लागतातच. कुणाच्या गाडीला किती पायऱ्या, यावर त्या गाडीवाल्याची इभ्रत ठरते. मुख्याध्यापकांची जुनी स्कूटर सात पायऱ्यांची निघाल्यापासून तिच्याकडे आदराने बघितलं जातं. उलट गावातल्या एका पुढाऱ्यांची पांढरी गाडी आहे, नंबर ९९९९. आरटीओत जादा पैसे भरून मिळवलेला. अध्यक्षाने मोठ्या अपेक्षेने वही उघडली. ९९९९ वजा ९९९९.

"काका, यांचं शून्यच येतंय."

मी त्याला वही हळूच बंद करायला सांगितलं. गाडीची काच खाली होती.

खरं-खोटं बोलणाऱ्यांची कोडी या वयाला झेपणार नाहीत असं बाईंचं मत होतं. रेमंड स्मल्यन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने अशी बेटंच्या बेटं वसवली आहेत: काही रहिवासी नेहमी खरं बोलतात, काही नेहमी खोटं. मार्गदर्शक पदावरची मुलगी ऐकून म्हणाली, "नेहमी खोटं बोलतो तो सोपा आहे. त्याचं उलटं घ्यायचं." तर्कशास्त्राचा पहिला धडा एका वाक्यात उरकून ती पुढे म्हणाली, "माझा दादा कधी खरं बोलतो, कधी खोटं. त्याचं काय करायचं?" स्मल्यनच्या कोड्यांत असे लोकही आहेत. त्यांना त्याने 'नॉर्मल' असं नाव दिलंय.

या सगळ्याचा अहवाल वर पाठवावा लागतो. त्यात रकाने आहेत: उद्दिष्ट, कार्यवाही, साहित्य, निष्पत्ती, फोटो दोन. साहित्याच्या रकान्यात बाईंनी 'बुचं व चिंचोके' लिहिलं, तर 'शैक्षणिक साहित्य नमूद करावे' म्हणून कागद परत आला. आता तिथे 'गणितीय मूर्त वस्तू' असं लिहिलं आहे आणि ते मंजूर आहे. निष्पत्तीच्या रकान्यात काय घालावं, यावर कार्यकारिणीची बैठक झाली. 'सगळे भांडतात पण कारण देऊन' असं सचिवाने सुचवलं. मला ते पसंत होतं. बाईंनी 'तार्किक विचारक्षमतेत वाढ' असं लिहिलं, त्या नोकरीला आहेत.

एक विनंती आहे. पाण्याच्या, सोड्याच्या, सरबताच्या बाटल्यांची बुचं फेकू नका. जवळच्या प्राथमिक शाळेत नेऊन द्या. जुनी कॅलेंडरंही द्या. कोणत्याही महिन्यातल्या तीन बाय तीन अशा नऊ तारखांची बेरीज मधल्या तारखेच्या नऊपट असते, एवढ्या एका गमतीवर एक कॅलेंडर महिनाभर पुरतं. बुचं पोचवायला गेलात आणि दोन वेण्यांची एखादी मुलगी अदबीने "तुम्ही आधी" म्हणाली, तर बसण्यापूर्वी समोरची बुचं मोजा. चाराने भाग जात असेल तर गॅसवर दूध ठेवल्याचं सांगून सरळ घरी या.